ऐकण्याच्या बैठकीला एलपी न्यायची आहे? एका बाजूची तयारी, पायरी-पायरीने

पाच-सहा जणांनी कुणाच्या तरी घरी जमायचं, सध्या आपल्या घरी जी एलपी फिरते आहे ती प्रत्येकाने आणायची, तिची एक बाजू सगळ्यांनी मिळून ऐकायची आणि मग चहा घेत तिच्याबद्दल बोलायचं. बैठकीचं स्वरूप एवढंच. पहिल्यांदा जाणाऱ्याची अडचण दोन ठिकाणी होते. आणलेली रेकॉर्ड खरखरते किंवा उड्या मारते, आणि ती संपल्यावर ‘अप्रतिम आहे’ यापलीकडे बोलायला काही सुचत नाही. दोन्हींची तयारी आधी घरीच करता येते. हा लेख हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताच्या एलपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. नाट्यगीतं, भावगीतं, जॅझ आणणाऱ्यांनाही सातवी पायरी सोडली तर बाकी सगळं तसंच लागू पडतं.

आधी जमवायच्या वस्तू

- तुमची एलपी, कव्हरसकट. नुसती तबकडी वर्तमानपत्रात गुंडाळून नेऊ नका.
- नवी आतली पाकिटं, एका रेकॉर्डला एक.
- डिस्टिल्ड वॉटर १ लिटर, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, तीन मायक्रोफायबर फडकी, एक जाड टर्किश टॉवेल.
- कार्बन फायबरचा ब्रश (कोरडी धूळ काढायला) आणि सुईसाठी छोटा ब्रश.
- यजमान तुम्हीच असाल तर ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा आणि पाणसळ.
- वहीचं एक पान. त्याचं काय करायचं ते सातव्या पायरीत.

१. अख्खी रेकॉर्ड नको, एक बाजू निवडा

बारा इंची एलपीच्या एका बाजूला साधारण २० ते २५ मिनिटं संगीत मावतं. रेकॉर्ड बदलणं, पुसणं आणि बोलणं मिळून आणखी सात-आठ मिनिटं जातात. म्हणजे माणशी २८ मिनिटं धरा. पाच जणांचे दोन तास वीस मिनिटं झाले. कुणी ‘दोन्ही बाजू लावूया ना’ म्हणालं की शेवटच्या माणसाची रेकॉर्ड पिशवीतच राहते, आणि तो बिचारा बहुधा नवखाच असतो.

बाजू निवडताना ती घरी तीनदा तरी सलग ऐकलेली असावी. कालच विकत घेतलेली, न वाजवलेली रेकॉर्ड बैठकीला आणणं हा नवख्यांचा हमखास घोटाळा. आत काय आहे हे तुम्हालाच ठाऊक नसतं, आणि भर विलंबितात सुई अडकली की सगळ्यांच्या माना तुमच्याकडे वळतात.

कोण काय आणतंय हे आदल्या दिवशी एकमेकांना कळवा, म्हणजे क्रम लावता येतो. संध्याकाळची बैठक मारवा किंवा पूरिया धनाश्रीने सुरू करून यमन, बागेश्री, मालकंस अशी पुढे न्यायची आणि भैरवीने संपवायची, हा क्रम कानाला सोयीचा जातो. संध्याकाळी सातला कुणी तोडी, म्हणजे सकाळचा राग, आणली तर आकाश कोसळत नाही. फक्त ती मधे न घालता सुरुवातीलाच उरकून घ्या.

७८ आरपीएमची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) जुनी लाखेची रेकॉर्ड न्यायची असेल तर आधी यजमानांना विचारा. तिला वेगळी सुई लागते. एलपीची सुई साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येची असते, तर ७८ च्या रुंद खाचेला तिच्या चौपट, सुमारे ७५ मायक्रॉनची. एलपीची सुई लाखेच्या खाचेत तळाशी घासत जाते, नुसती खरखर ऐकू येते आणि सुईचंही वाटोळं होतं. अशा दहा इंची रेकॉर्डची बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची असते, त्यामुळे दोन्ही बाजू लावायला हरकत नाही. गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांच्या सोनेरी तबकडीवर अंतराळात गेली, तीही अशीच साडेतीन मिनिटांची.

२. विकत घेताना उजेडात तिरकी धरा

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर रेकॉर्डवाले आहेत, पण तिथली बरीचशी दुकानं शुक्रवारी बंद असतात. कुठूनही घ्या, तबकडी बाहेर काढून पाहिल्याशिवाय पैसे काढू नका.

एकच तेजस्वी दिवा किंवा ऊन पाठीमागून येईल अशी रेकॉर्ड डोळ्यांच्या पातळीत तिरकी धरा. मग हे पाहा:

*ओरखडा.* केसासारखा बारीक ओरखडा सहसा ऐकू येत नाही. नख हलकेच फिरवल्यावर जो लागतो, तो दर फेरीला ‘टक्’ करणार. खाचांना आडवा गेलेला ओरखडा टकटक करतो. खाचांच्या दिशेनेच गेलेला त्याहून वाईट, तिथे सुई अडकते.

*राखाडी छटा.* काळ्या तबकडीवर ठरावीक पट्ट्यात करडेपणा दिसत असेल तर तो भाग बोथट सुईने किंवा जास्त वजनाने झिजलेला आहे. धुऊन तो जात नाही. तारसप्तकाच्या ताना तिथे फाटक्या ऐकू येतील. ही खूण नवखे सर्वांत जास्त चुकवतात, कारण ओरखडा एकही नसतो आणि रेकॉर्ड ‘नवीकोरी’ वाटते.

*बुरशी.* पांढुरके ठिपके किंवा ढगासारखा थर. कोकण-मुंबईच्या घरांतून आलेल्या रेकॉर्डवर हा असायचाच. थर धुतल्यावर निघतो, पण आवाजातली बारीक चुरचुर पुष्कळदा शिल्लक राहते. किंमत करताना ते धरून चाला.

*वाक.* रेकॉर्ड तळहातांत कडेने धरून पाहा. बशीसारखा उथळ वाक चालून जातो. कडेला अचानक उठलेली लाट असेल तर सुई उडी मारते.

*मधलं भोक.* भोकाभोवती लेबलवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा असतील तर ती शेकडो वेळा लावली गेली आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचं: कव्हरवरचा क्रमांक, लेबलवरचा क्रमांक आणि लेबलभोवतीच्या गुळगुळीत कड्यात कोरलेला क्रमांक, तिन्ही वाचा. पहिले दोन जुळायलाच हवेत. कड्यातला कोरीव क्रमांक प्रत्येक बाजूचा वेगळा असतो, आणि पुष्कळ रेकॉर्डींच्या लेबलवर तो बारीक अक्षरांत छापलेलाही असतो. तोही ताडून पाहा. मोठ्या गवयाच्या कव्हरात भलत्याच सिनेमाची रेकॉर्ड निघणं जुन्या बाजारात रोजचं आहे.

ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाच्या, म्हणजे आपल्या बोलीत एचएमव्हीच्या, शास्त्रीय एलपींवर सुरुवातीची अक्षरं मोनो-स्टिरिओही सांगतात. ईएएलपी आणि ईसीएलपी मोनो, ईएएसडी आणि ईसीएसडी स्टिरिओ. मोनो म्हणून नाक मुरडू नका. उत्तम ध्वनिमुद्रणांपैकी बरीच मोनोच आहेत. ॲम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर अशी रेकॉर्ड लावताना ते दाबा, खरखर लगेच कमी होते.

३. धुणं

न धुतलेली जुनी रेकॉर्ड दुसऱ्याच्या सुईखाली ठेवणं म्हणजे चिखलाच्या चपला घालून दिवाणखान्यात जाणं. बैठकीच्या दोन दिवस आधी धुवा.

नळाचं पाणी वापरू नका. आपल्याकडच्या जड पाण्यातले क्षार वाळून खाचांत बसतात आणि मूळ धुळीपेक्षा जास्त चुरचुरतात. डिस्टिल्ड वॉटर औषधांच्या दुकानात मिळतं. गाडीच्या बॅटरीत भरायचं पाणीही चालतं, फक्त बाटलीवर ‘डिस्टिल्ड’ किंवा ‘डीमिनरलाइज्ड’ असं वाचून घ्या. तिथेच शेजारी बॅटरीचं ॲसिडही विकायला असतं.

अर्धा लिटर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. फेस दिसायला लागला तर जास्त झालं, ओतून टाका. रंग आणि वास जितका कमी तितकं लिक्विड बरं.

टॉवेल टेबलावर पसरा आणि रेकॉर्ड त्यावर आडवी ठेवा. टर्नटेबलवर ठेवून धुऊ नका. दाब बेअरिंगवर येतो आणि पाणी आत जातं. पहिलं फडकं द्रावणात बुडवून पिळा, इतकं की थेंब गळणार नाही. मग खाचांच्या दिशेने गोल फिरवा, आधी एका दिशेने चार फेऱ्या, मग उलट्या दिशेने चार. आतून बाहेर किंवा आडवं कधीच नाही. लेबलपासून बोटभर अंतर ठेवा. लेबल कागदाचं आहे, एक ओघळ गेला तरी कायमचा डाग राहतो. दुसरं फडकं नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात बुडवून तीच कृती, दोनदा. साबण खाचेत राहिला तर सुईवर करड्या मेणासारखा गोळा जमतो आणि बाजूच्या शेवटी शेवटी आवाज बसल्यासारखा येतो. म्हणून हे विसळणं घाईत उरकू नका. तिसऱ्या, कोरड्या फडक्याने टिपून घ्या.

वाळवायला स्वयंपाकघरातलं ताटाळं छान. ताटांच्या खाचेत रेकॉर्ड उभी करा, फक्त तारेवर सुती कापड घाला आणि दोन रेकॉर्डींत एक घर मोकळं सोडा. उन्हात नको. पंख्याखालीही नको, धूळ येऊन चिकटते. उन्हाळ्यात दोन-तीन तास पुरतात. पावसाळ्यात रात्रभर राहू द्या. ओली रेकॉर्ड पाकिटात गेली की बुरशीला आमंत्रणच.

वाळली की नव्या पाकिटात घाला. जुनं पाकीट फेकायचं नसेल, त्यावर जाहिराती किंवा कुणाचं हस्ताक्षर असेल, तर ते कव्हरात वेगळं ठेवा.

स्पिरिटचा मोह टाळा. लाखेच्या ७८ वर तर अल्कोहोलचा थेंबही नको. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि खाचा डोळ्यांदेखत पुसल्या जातात.

४. टर्नटेबल लावणं (यजमानांसाठी, पण पाहुण्यांनीही वाचावं)

*पातळी.* टर्नटेबल जड, न हलणाऱ्या टेबलावर ठेवा आणि पाणसळ दोन्ही दिशांनी लावून पाहा. स्पीकर त्याच टेबलावर नकोत. त्यांची थरथर सुईपर्यंत पोचते आणि आवाज वाढवला की हुंकारासारखा घुमारा सुरू होतो.

*सुईचं वजन.* प्रत्येक कार्ट्रिजचं (सुई ज्यात बसवलेली असते त्या डबीचं) ठरलेलं असतं आणि त्याच्या माहितीपत्रकात ते ग्रॅममध्ये दिलेलं असतं. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-व्हीएम९५ई ला २ ग्रॅम, ऑर्टोफॉनच्या टूएम रेडला १.८ ग्रॅम. टोनआर्मचं, म्हणजे सुई धरणाऱ्या हाताचं, मागचं वजन फिरवत हात हवेत आडवा तरंगेल असं आणा. मग फक्त आकड्यांची चकती शून्यावर आणा, वजन न हलवता. त्यानंतर अख्खं वजन फिरवून हवा तो आकडा लावा. नवख्यांची चूक इथेच होते: चकती आणि वजन एकत्र फिरवून शून्य लावलं की पुढचा प्रत्येक आकडा खोटा. म्हणून शेवटी डिजिटल काट्यावर सुई टेकवून मोजा. काट्याची थाळी रेकॉर्डच्या उंचीच्या जवळपास असली पाहिजे. अँटीस्केटिंगचा (हात आतल्या बाजूला ओढला जाऊ नये म्हणून असलेल्या चकतीचा) आकडाही तोच ठेवा.

वजन कमी पडलं तर रेकॉर्ड वाचते असा समज आहे. उलट आहे. हलकी सुई खाचेत ठरत नाही, मोठ्या आवाजाला भिंतींवर आपटते आणि खाच फोडते. आणि रेकॉर्ड उड्या मारते म्हणून हातावर रुपयाचं नाणं ठेवणारे अजूनही आहेत. रुपयाचं नाणं तीन ते पावणेचार ग्रॅमचं. दोन ग्रॅमच्या सुईवर ते चढवलं की पाच-सहा ग्रॅम झाले. उड्या थांबतात, कारण सुई आता खाच नांगरत असते.

*जोडणी.* टर्नटेबलमधून निघणारा आवाज फार क्षीण असतो, मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा तीन-पाच मिलिव्होल्ट. त्याला फोनो प्रीॲम्प, म्हणजे तो आवाज आधी वाढवून देणारं सर्किट, लागतो. तो टर्नटेबलमध्येच असेल तर मागे ‘फोनो/लाइन’ असा खटका असतो. लक्षणांवरून चूक ओळखता येते:

- आवाज बारीक, पातळ, तबल्याचा डग्गा गायब: प्रीॲम्पमधून न जाता सिग्नल थेट लाइनमध्ये गेला आहे.
- आवाज फुगलेला, फाटका, नुसता धबधबा: दोन प्रीॲम्प एकापुढे एक लागले आहेत. खटका ‘लाइन’वर असताना वायर ॲम्प्लिफायरच्या फोनो खाचेत गेली आहे.
- सतत ‘म्ममम’: ग्राउंडची बारीक तार लावायची राहिली.
- एकाच स्पीकरमधून आवाज येतो: हेडशेल (हाताच्या टोकाचा, कार्ट्रिज बसवलेला भाग) काढून त्याचे चार टोकांचे संपर्क कोरड्या कापडाने पुसा आणि पुन्हा घट्ट बसवा.

सुटकेसच्या आकाराचा, आत स्पीकर असलेला प्लेअर बैठकीसाठी आणू नका. त्याची सुई जड असते आणि जुन्या रेकॉर्डची काळजी घेणारा माणूस आपली रेकॉर्ड त्यावर ठेवू देणार नाही. तो काही बोलणारही नाही, नुसता म्हणेल, ‘माझी राहू दे, पुढच्या वेळी लावू.’

५. वेग: इथे राग बिघडत नाही, पट्टी बिघडते

एलपी मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्या घेते. म्हणजे १०० फेऱ्यांना बरोबर तीन मिनिटं. रेकॉर्डच्या लेबलवर कागदाचा बारीक कपटा चिकटपट्टीने हलकेच अडकवा, सुई टेकवलेली असू द्या आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर १०० फेऱ्या मोजा. तीन मिनिटांच्या एक-दोन सेकंद इकडेतिकडे असेल तर ठीक.

दोन मिनिटं पन्नास सेकंद भरली तर वेग सुमारे सहा टक्के जास्त आहे आणि सहा टक्के म्हणजे अख्खा एक अर्धस्वर. पांढरी एकमध्ये गाणारा माणूस काळी एकमध्ये ऐकू येईल. हार्मोनियम घेऊन बसणाऱ्याला हे लगेच कळतं. इतरांना नुसतं ‘आवाज जरा तरुण वाटतोय’ असं वाटत राहतं. मग त्याच्यावर चर्चा रंगते आणि ती सगळी चुकीच्या पायावर असते.

बेल्ट सैल झाल्यावर वेग कमी होतो आणि लांबलेल्या स्वरात कंप येतो. तानपुऱ्याकडे कान द्या. तानपुरा डुलत असेल तर बेल्ट बदला.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी टर्नटेबल पाठवलं असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. जुन्या टर्नटेबलांची एसी सिंक्रोनस मोटर हर्ट्झवर चालते, म्हणून ती इथे पाचषष्ठांश वेगाने फिरते. शंभर फेऱ्यांना तीन मिनिटं छत्तीस सेकंद लागतात आणि काळी चारचा आवाज जवळपास पांढरी चारवर उतरतो. अशा मोटरची पुली ५० हर्ट्झची मिळते का ते पाहावं लागतं. ॲडॉप्टरवर चालणाऱ्या डीसी मोटरला ही अडचण नाही, फक्त ॲडॉप्टर २३० व्होल्टचा हवा. तुमची रेकॉर्ड उलट तिकडे, सॅन होजे किंवा न्यू जर्सीच्या बैठकीला जाणार असेल तर तिला कसलाच फरक पडत नाही. फरक यंत्राला पडतो.

६. सुई टेकवताना

रेकॉर्ड कडेने आणि लेबलनेच धरायची. खाचांवर बोट लागलं की तिथे तेल, आणि तेलावर धूळ. फिरत्या रेकॉर्डवर कार्बन ब्रश दोन फेऱ्या टेकवून हलकेच बाहेर काढा. सुईचा ब्रश मागून पुढे, म्हणजे हाताच्या मुळाकडून तुमच्याकडे असाच फिरवायचा. आडवा फिरवला की सुईची बारीक नळी वाकते.

सुई लिव्हरनेच खाली सोडा. एकाच माणसाने, बहुधा यजमानांनी, हे काम करावं. दुसऱ्याच्या यंत्राला हात लावायचा तर विचारून.

बाजू सुरू झाली की बोलणं बंद. पहिल्या मिनिटाच्या आलापीत, कुणी पाणी मागायला तोंड उघडलं की राग कसा उघडतो ते सगळ्यांचंच हुकतं.

७. कागद लिहा

हीच पायरी नवखे वगळतात, आणि खरं तर बैठक हिच्यासाठीच असते. तुम्ही काय ऐकताय ते दुसऱ्याला इतकं नेमकं सांगा की तो घरी जाऊन तेच ध्वनिमुद्रण शोधू शकेल. ‘किशोरीताईंचा भूप’ एवढं पुरत नाही, कारण मैफलींचे, रेडिओचे आणि रेकॉर्डचे असे अनेक असतात. कागदावर हे हवं:

१) गायक किंवा वादक. २) राग. ३) बंदिशीचे पहिले शब्द आणि ताल. ४) साथीदार. ५) कंपनी, क्रमांक, बाजू. ६) घड्याळाने मोजलेली वेळ. ७) ऐकण्याच्या दोन जागा, मिनिट-सेकंदासह.

उदाहरणार्थ: ‘किशोरी आमोणकर. भूप. बडा ख्याल “प्रथम सूर साधे”, मागून द्रुत तीनताल “सहेला रे”. एचएमव्ही एलपी, दुसऱ्या बाजूला बागेश्री.’ त्यापुढे तुमच्या हातातल्या प्रतीवरचा क्रमांक आणि तुम्ही मोजलेली वेळ. आता कुणीही हे शोधू शकेल.

बंदिशीचे शब्द का? कारण रागाच्या नावाने शोधायला गेलात तर फसता. एकाच रागाला कुठे भूप लिहिलेलं असतं, कुठे भूपाली. भूपाल तोडी मात्र वेगळाच राग आहे. कर्नाटक संगीताच्या रेकॉर्डवर ‘हिंदोलम’ दिसला आणि आपला हिंडोल समजून उचललात तर घरी मालकंसाचे स्वर निघतात. आणि भूप नि देसकार यांचे स्वर तर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. फरक भूपात गंधारावर आणि देसकारात धैवतावर मुक्काम असतो यात. मोबाइलवरच्या ॲपमध्ये टाकलेली रागाची नावं तर सरळ चुकीचीही असतात. शब्द आणि वेळ मात्र सहसा दगा देत नाहीत. वेळ जुळली नाही तर बहुधा तिथे ध्वनिमुद्रण छाटलेलं आहे किंवा ते दुसरंच आहे.

साथीदारांची नावं जुन्या कव्हरांवर पुष्कळदा नसतात. तबला कोणाचा ते बोलाच्या वजनावरून अंदाजाने लिहू नका. जागा कोरी सोडा. एकाने अंदाज लिहिला की पुढच्या बैठकीपर्यंत तो इतिहास झालेला असतो.

सालाचंही तसंच. लेबलवर गोलातलं ‘पी’ असेल तर ते ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्याचं साल. गोलातलं ‘सी’ कव्हराच्या मजकुराचं आणि चित्राचं. दोन सालं वेगळी असली तर पहिलं धरा. मैफल कधीची ते यातून कळत नाही. जुन्या क्रमांकांच्या याद्यांसाठी, मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’चे अंक चाळण्यासारखे आहेत.

सातवा मुद्दा, ऐकण्याच्या जागा, म्हणजे तुमचं खरं बोलणं. दोनच निवडा. ‘सहाव्या मिनिटाला ती गंधारावर थांबते आणि सारंगी मागून येते’ असं म्हटलं की सगळे कान तिथे जातात. गवयाचं चरित्र सांगायला लागू नका, ते सगळ्यांना पाठ असतं. घराण्यांच्या भांडणात तर मुळीच शिरू नका. मैफलीत तासभर चालणारा ख्याल एलपीसाठी वीस मिनिटांत मांडताना गवयाने काय ठेवलं आणि काय गाळलं, हे बघण्यासारखं असतं. बढत (रागाचा सावकाश विस्तार) किती मिनिटांत उरकली, द्रुत कधी धरली, हे आकडे कागदावर टिपून ठेवलेत तर दुसऱ्याच्या रेकॉर्डशी ताडून बघता येतात.

८. रेकॉर्ड करून घेणं

बैठकीत कुणी ‘फोनवर घेऊ का?’ विचारतंच. स्पीकरसमोर धरलेल्या फोनमध्ये पंखा, खोकला आणि कुकरची शिट्टी जास्त येते. शिवाय भारतीय कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. १९७० साली निघालेली रेकॉर्ड २०३० संपेपर्यंत कंपनीची आहे. ती इंटरनेटवर चढवू नका. कागदाचा फोटो खुशाल पाठवा.

९. ने-आण आणि ठेवणं

रेकॉर्ड उभ्याच ठेवायच्या. एकावर एक रचल्या की खालच्या वाकतात. शंभर एलपींचं वजन कव्हरांसकट पंचवीस किलोच्या आसपास जातं, तेव्हा भिंतीत ठोकलेल्या पातळ फळीवर भरवसा ठेवू नका. पावसाळ्यात कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, आणि सिलिका जेलच्या पुड्या दर महिन्याला बदला. बाहेरून घालायची जाड पीव्हीसीची पाकिटं टाळा. वर्षानुवर्षं त्यात राहिलेल्या रेकॉर्डवर धुक्यासारखा थर चढतो आणि तो कितीही धुतला तरी निघत नाही.

नेताना ताठ कापडी पिशवी किंवा खोका, आणि तो मांडीवर. उन्हात उभ्या गाडीत, स्कूटरच्या डिकीत एलपी ठेवून नुसतं ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून चहाला थांबू नका. एप्रिल-मेमध्ये तेवढ्यात कडेला लाट येते आणि ती परत सपाट होत नाही.

निघताना एक काम सगळ्यांनी एकत्र करायचं. पाच रेकॉर्डी, पाच कव्हरं आणि पाच पाकिटं टेबलावर पसरलेली असतात आणि गप्पांच्या नादात तबकडी भलत्याच कव्हरात जाते. मग ती डोंबिवलीला आणि कव्हर कोथरूडला, असं महिनोन् महिने चालतं. प्रत्येकाने आपलं कव्हर उघडायचं, लेबलवरचा क्रमांक मोठ्याने वाचायचा, शेजाऱ्याने कव्हरवरचा वाचायचा. जुळले की मग पिशव्या उचला.